सर्व्हेची बातमी बेळगावच्या पानावर घेताना

प्रेसनोट हातात आली की मोठा आकडा सोडा, खालची बारीक ओळ वाचा. किती जणांना विचारलं, कोणत्या तारखांना, फोनवर की घरी जाऊन, कोणत्या भाषेत, खर्च कोणाचा? हे दिलेलं नसेल तर विचारून घ्या. मिळालं नाही तर बातमी थांबवा.

सर्वांत जास्त घोळ ‘बेळगाव जिल्ह्याचा कौल’ या मथळ्यात होतो. समजा, राज्यभर ५,००० जणांना विचारलं. कर्नाटकात विधानसभेचे २२४ मतदारसंघ, म्हणजे एकेकात सरासरी २२ माणसं. जिल्ह्याचे १८ मतदारसंघ मिळून जेमतेम ४००. आता चुकीची मर्यादा काढायला १०० ला नमुन्याच्या, म्हणजे विचारलेल्या माणसांच्या संख्येच्या, वर्गमुळाने भागा: राज्याच्या आकड्यात दीड टक्का इकडेतिकडे, जिल्ह्याच्या आकड्यात ५, आणि एकट्या खानापुरात २१! तेही माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तर. मोजकी गावं धरून प्रत्येकात दहा घरं केली असतील, तर चूक आणखी वाढते. दोन पक्षांमधल्या फरकाची मर्यादा तर जवळपास दुप्पट. म्हणून ४०० जणांत ४२ टक्के विरुद्ध ३८ टक्के असेल तर ‘आघाडी’ नव्हे, ‘चुरस’ लिहा.

भाषेचं कोणी विचारतच नाही. निपाणीत फक्त कन्नड बोलणारा पोरगा दारात उभा राहिला, तर मराठी म्हातारी ‘घरात कोणी नाही’ म्हणून दार लावते. तिच्या जागी शेजारचं कन्नड येणारं घर मोजलं जातं. मग वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण कितीही जुळवा, ती गळती भरत नाही.

प्रश्न जसाच्या तसा छापा. ‘सीमाप्रश्न महत्त्वाचा वाटतो का?’ आणि ‘रस्ता, पाणी, नोकरी, सीमाप्रश्न यांत पहिला कोणता?’ यांची उत्तरं सारखी येणार नाहीत. दुसऱ्यातला छोटा आकडा उचलून ‘सीमाप्रश्न संपला’ असा मथळा देणं ही लबाडीच.

‘अजून ठरवलं नाही’ म्हणणारे कुठे गेले, तेही बघा. समजा, एका पक्षाला ३८ टक्के, दुसऱ्याला ३२ आणि न ठरवलेले ३०. हे ३० वगळले की ३८ चे ५४ होतात.

मतांवरून जागा काढणं हा वेगळाच अंदाज. २०२४ च्या लोकसभेला अनेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं; मिळाल्या २९३.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचं मतदान सर्व्हेत धरू नका, मग त्यात दहा हजार जणांनी बोट दाबलेलं असलं तरी.