बाटलीत आयोडीन टाकल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा सरता सरता आमची इंदूरची मंडळी सॅक पाठीला लावून चोरल, जानापाव, पाताळपाणीकडे निघतात. गेल्या सप्टेंबरात चोरलकाठी मुक्कामाला होतो. आमच्यातल्या एका मुलाने नदीचं पाणी भरलं, जंतू मारायला आयोडीनचे थेंब टाकले आणि वास जावा म्हणून लगेच अर्धं लिंबू पिळलं. पिवळट रंग बघता बघता नाहीसा झाला. "काका, बघा, पाणी किती छान झालं!" मी त्याला ती बाटली ओतून द्यायला लावली.

लिंबातलं व्हिटॅमिन सी आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं आणि आयोडाइडने जंतू मरत नाहीत. रंग गेला तेव्हाच औषध संपलं होतं. लिंबू, आवळा, सरबताची पावडर, काहीही घालायचं ते पूर्ण वेळ थांबल्यावरच. तेव्हा मात्र खुशाल घाला, चव खरंच सुधारते.

थांबायचं किती? 2 टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या आयोडीनचे) लिटरमागे 5 थेंब आणि निदान 30 मिनिटं. पाणी गढूळ असेल तर 10 थेंब. पाणी खूप गार असलं की आयोडीन मंदावतं, म्हणून जानेवारीच्या पहाटे भरलेलं पाणी मी तासभर तरी ठेवतो. जखमेवर लावतात त्या पोव्हिडोन आयोडीनची ताकद वेगळी असते, हे थेंब त्याला लावू नका. साबण मिसळलेलं तर पाण्याजवळही आणू नका. गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा.

माळव्यात सगळ्यात जास्त घात होतो तो गढूळपणामुळे. आपली काळी माती पाण्यात उतरली की दिवसभर तळाला बसत नाही आणि आयोडीनचा बराच भाग त्या गाळातच खर्ची पडतो. पाणी आधी भांड्यात निवळू द्या, सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा, मग औषध घाला. थेंब वाढवणं हा गाळण्याला पर्याय नाही.

शेताच्या कडेचा ओहोळ दिसायला कितीही नितळ असो, तो सोडून पुढे चला. सोयाबीनवर फवारलेलं कीटकनाशक आयोडीनने जात नाही, उकळूनही जात नाही.

आणि जिथे वरच्या अंगाला गुरं पाण्यात बसलेली दिसतात, तिथे मी आयोडीनवर अजिबात विसंबत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी त्याला दाद देत नाही. चूल पेटवायची, पाण्याला खळखळून उकळी आली की पूर्ण मिनिटभर तशीच ठेवायची.

गरोदर बाई, थायरॉइडचा त्रास असलेले, आयोडीनची ॲलर्जी असलेले यांना आयोडीन घातलेलं पाणी देऊ नका. त्यांच्यासाठी उकळलेलंच. निरोगी माणसानेही महिनोन्‌महिने पिऊ नये. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं.

जुनी बाटली कपाटात सापडली तर एक थेंब बटाट्याच्या फोडीवर टाका. फोड काळीनिळी झाली नाही तर ती बाटली फेकून द्या. झाली तरी एवढंच कळतं की आत आयोडीन आहे, ताकद पुरेशी आहे का ते कळत नाही. मी दरवर्षी नवी आणतो.

एक बारीक चूक जाणतेही करतात. बाटलीच्या आट्यांवर नदीचं कच्चं पाणी राहतं आणि पहिल्याच घोटाबरोबर तोंडात जातं. औषध घातल्यावर थोड्या वेळाने झाकण जरा सैल करा, बाटली उलटी धरून थोडं पाणी आट्यांवरून वाहू द्या, मग झाकण घट्ट लावा. अर्ध्या तासाची मोजणी तिथून पुढे.