कामट्यांचा छपराचा पूल: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी

सुतारकाम आमच्या घरात पिढीजात. मूल-सिंदेवाही पट्ट्यातल्या कवेलूच्या घरांच्या कैच्या, म्हणजे छपराचे लाकडी सांगाडे, घडवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या छपराच्या लाकडी पुलांचे फोटो पाहिले तेव्हा ते काम मला लगेच उमगलं. प्रदर्शन जवळ आलं की शाळेतली पोरं माझ्याकडे येतात. त्यांना मी हाच पूल लहान आकारात, बांबूच्या कामट्यांचा करायला लावतो.

आधी छपराचं समजून घ्या. ते वाटसरूसाठी नाही, लाकडासाठी आहे. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात छपराखाली बर्फ साचत नसे, तर हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून लोक मुद्दाम बर्फ आणून पुलाच्या आत पसरायचे! लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली की त्याला बुरशी धरत नाही. उघडा पूल दहा-वीस वर्षांत सांध्यातून कुजायचा. छपराखालचा शंभरी पार करतो. कनेक्टिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ सालचा, सुमारे १३७ मीटर लांब, आणि त्यावरून आजही मोटारी जातात. त्याच्या बाजूंना जी जाळी आहे, ती पद्धत इथिएल टाउन या वास्तुकाराची. त्याचं पेटंट १८२० चं. साध्या फळ्या तिरप्या, एकीवर एक टाकायच्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे लाकडी खुंटी ठोकायची. मोठा ओंडका लागत नाही, म्हणूनच ही जाळी बांबूत छान उतरते.

बांबू तीन वर्षांच्या वरचा, पक्का घ्या. कोवळ्याला भुंगा लवकर लागतो. बुरडाकडून एक सेंटिमीटर रुंदीच्या कामट्या काढून घ्या, काही दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. उन्हात टाकल्या तर वाकतात.

आता जाळी. जमिनीवर खडूने ९० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर उंच चौकट आखा. वर आणि खाली दर १० सेंटिमीटरवर खूण करा. तिरपी कामटी ३० सेंटिमीटरची कापा. खालच्या खुणेवरून निघून ती वरच्या रेघेवर दोन खुणा पुढे पोचली पाहिजे. एक थर उजवीकडे झुकलेला, त्यावर दुसरा डावीकडे. माप बरोबर असेल तर मधल्या भागातली प्रत्येक कामटी वरखालच्या पट्ट्यांच्या मध्ये तीन ठिकाणी छेदली जाते. हे मोजून बघितल्याशिवाय एकही भोक पाडू नका. दोन्ही टोकांना उभी पट्टी लावा आणि अर्धवट कामट्या तिथेच संपवा. वरच्या आणि खालच्या लांब पट्ट्या जाळीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे जोडीने हव्यात.

भोक बारीक ड्रिलने पाडा. खिळा ठोकलात तर कामटी उभी चिरते. खुंट्या बांबूच्याच, किंचित निमुळत्या तासा, घट्ट बसेपर्यंत हलके ठोका. फेव्हिकॉल नको. खुंटीच्या जोरावर पूल उभा राहतो हेच तर पोरांना दाखवायचं आहे.

अशा दोन जाळ्या उभ्या करून खाली आडव्या पट्ट्यांवर तळ टाका. वरच्या बाजूलाही आडव्या आणि त्यांच्यामध्ये तिरप्या पट्ट्या बांधा. हे बहुतेक जण विसरतात. वजन आलं की वरची पट्टी दाबली जाते आणि बाजूला फुगते. वर आवळलेली नसेल तर पूल तिथेच मोडतो.

छप्पर घालण्याआधी तपासणी. टोकं विटांवर टेकवा आणि मधोमध तांदळाच्या पिशव्या एकेक किलोने वाढवत जा. कुठली खुंटी कुरकुरते ते कान लावून ऐका, ती बदला.

छपराचा उतार आमच्या घरांसारखा चांगला तीव्र ठेवा, वळचण जाळीच्या बाहेर चार बोटं येऊ द्या. बाजूच्या फळ्या पार वरपर्यंत नेऊ नका. वळचणीखाली वाऱ्याला फट सोडा, नाहीतर आत आलेली ओल आतच राहते. शक्य असेल तर जाळीचा एक तुकडा जास्तीचा करून ठेवा. आषाढात तो उघड्यावर आणि पूल त्याच्या शेजारी ठेवला, की दिवाळीनंतर दोन्हींच्या खुंट्या काढून भोकं पोरांनाच तपासू द्या.