जुन्या जर्नलमधून आपली इमारत कशी शोधावी

मुंबईतली १९३०-४०च्या दशकांतली इमारत दुरुस्तीला काढायची असो की तिच्यावर प्रबंध लिहायचा असो, महापालिकेच्या फायलींनंतर हात घालावा तो इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या जर्नलच्या जुन्या अंकांना. संस्थेचं मूळ १९१७ सालच्या, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थी-मंडळात आहे. आजचं नाव १९२९ साली मिळालं आणि जर्नल सुरू झालं १९३४ साली. ते आजही निघतं. पण हे सभासदांचं मुखपत्र, हे विसरू नका. इंजिनिअर किंवा कंत्राटदाराने स्वतःच नकाशे करून उभारलेली इमारत तिथे सापडण्याची आशा कमीच. त्यामुळे जर्नलमध्ये नाव नाही म्हणजे इमारत बिनमहत्त्वाची, असा हिशेब करू नये.

ग्रंथालयात जाण्याआधी जुना पत्ता काढा. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन रोड, दादर-माटुंग्याचा व्हिन्सेंट रोड म्हणजे डॉ. आंबेडकर रोड. इमारतीचं नावही मालकाबरोबर बदललेलं असू शकतं, म्हणून प्लॉट नंबर जवळ ठेवा. मग बांधकाम पुरं झालं त्याच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंतचे अंक मागवा. आधीच्या अंकात बहुधा रंगवलेलं संकल्पचित्र मिळेल, नंतरच्यात फोटो. या दोहोंत गल्लत झाली की न बांधलेला मनोरा 'मूळचा' म्हणून पुन्हा बांधायची वेळ येते. चौकशीची सुरुवात जे. जे.च्या आर्किटेक्चर कॉलेजच्या ग्रंथालयात आणि संस्थेच्या फोर्टमधल्या कार्यालयात करावी. हवा तो खंड आहे का, हे आधी विचारून घेतलेलं बरं.

खंड हातात आला की पहिल्यांदा बांधणी बघा. बाइंडरने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, हे ग्रंथालयांचं जुनंच दुखणं. पृष्ठांक सलग दिसले तरी फसू नका, कारण जाहिरातींच्या पानांना बऱ्याचदा वेगळे पृष्ठांक असतात किंवा नसतातच. अशा वेळी दुसरीकडची सुटी प्रत शोधायचा खटाटोप करावा, कारण खरा माल तिथेच आहे. लेखात इमारतीचं कौतुक असतं. फरशी कोणाची, लिफ्ट कोणाची, सिमेंट आणि संडास-मोऱ्यांचं सामान कुठलं, हे जाहिराती सांगतात. मात्र जाहिरातदार बढाई मारणारच. लिफ्टच्या मशीन रूममधली पाटी किंवा उखडलेल्या फरशीच्या पाठीवरचा ठसा जुळला तरच नाव पक्कं धरा. नोव्हेंबर १९३७मध्ये संस्थेने टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं. घराच्या आतल्या गोष्टी शोधत असाल तर त्या सुमाराचे अंक आधी काढा.

नावं टिपताना आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार आणि कलाकार असे चार रकाने करा. न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीचे आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता, पण दर्शनी भागावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. एकाच रकान्यात सगळं कोंबलं की यातलं एक नाव हमखास गळतं.

आता नकाशा. खाली 'एका इंचाला ८ फूट' असं लिहिलेलं असेल, म्हणजे १:९६. पण ते प्रमाण मूळ ड्रॉइंगचं. छपाईचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करताना ड्रॉइंग लहान केलेलं असतं. समजा, एका खोलीवर १५ फूट लांबी लिहिली आहे आणि पानावर ती ३२ मिमी भरते. १५ फूट म्हणजे ४,५७२ मिमी. त्याला ३२ने भागलं की खरं प्रमाण निघतं सुमारे १:१४३. छापील १:९६ धरून मोजलं असतं तर तीच खोली जेमतेम १० फुटांची झाली असती! हा ताळा एका आडव्या आणि एका उभ्या मापावर करा. दोन्ही उत्तरांत २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तुम्ही काढलेला पानाचा फोटो तिरका आला आहे किंवा पान शिवणीकडे वाकलं आहे.

शिवणीत गेलेला भाग दिसावा म्हणून खंड दाबून सपाट करू नका, पाठ तुटते. दोन्ही बाजूंना उशा देऊन एकेका पानाचा फोटो घ्या. गुळगुळीत आर्ट पेपर चकाकतो, म्हणून उजेड समोरून न देता दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून द्यावा. हाच कागद दमट हवेत एकमेकाला चिकटतो. चिकटलेली पानं सोलायला गेलात तर छपाईसकट थर निघेल, ते काम ग्रंथपालावर सोडा. स्कॅन करू दिलं तर ६०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये करा आणि नंतर लहान करा. कमी डीपीआयवर फोटोतले छपाईचे ठिपके जाळीसारखे नक्षी धरतात, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नकाशाच्या बारीक रेघा तुटतात.

खर्चाचे आकडे एप्रिल १९५७च्या आधीचे असतील तर रुपये-आणे-पैत. ०-८-० म्हणजे आठ आणे. दर घनफुटाला दिलेला असेल तर ३५.३१ने गुणा, म्हणजे आठ आण्यांचे घनमीटरला १७ रुपये ६६ पैसे होतात. हा दर बाहेरून मोजलेल्या अख्ख्या घनफळाचा असतो, कार्पेट एरियाला उंचीने गुणून येणाऱ्या आकड्याला तो लावू नये.

टिपणात खंड, अंक, महिना, वर्ष आणि पान हे सगळं लिहा. खंडाचा नुसता क्रमांक पुढच्या माणसाच्या कामाचा नाही.

शेवटी जर्नलमधल्या फोटोची प्रत घेऊन इमारतीसमोर उभं राहा आणि मजले मोजा. फोटोत पाच आणि समोर सहा असतील तर पाचव्याच्या डोक्यावर जुन्या कठड्याची आडवी पट्टी दिसते का पाहा. दिसली तर तिच्या वरचा मजला नंतर चढवलेला असावा.