आमदार तुटीचा इशारा देतात तेव्हा आकडे कुठे पाहायचे

ठाण्यातल्या नौपाड्यात मी हिशेब लिहायचं काम करते, दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरते. अधिवेशन सुरू झालं की कुणीतरी आमदार सभागृहात उठून म्हणतात, राज्य कर्जात बुडालंय, उधळपट्टी थांबवा. दुसऱ्या दिवशी गोखले रोडवर मला विचारणा होते, "ताई, खरं आहे का हो?" आमदार कुठल्या पक्षाचे हे बघून उत्तर देऊ नये. राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पीय प्रकाशने मिळतात, ती उघडावीत.

एकूण कर्जाच्या आकड्याने आधी दचकू नका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात दाखवला होता. भाषणात हा आकडा गाजतो, पण राज्याच्या सकल उत्पन्नाशी, म्हणजे वर्षभरात राज्यात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याशी, ताडला तर तो १९ टक्क्यांच्या आत बसतो.

खरी मेख महसुली तुटीत असते. महसुली जमा म्हणजे राज्याला दरवर्षी येणारा पैसा. आपल्या दुकानातला राज्याचा जीएसटी, घोडबंदर रोडला फ्लॅट घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं त्यात येतं. महसुली खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं. २०२५-२६ साठी जमा ५,६०,९६४ कोटी आणि खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. या दोहोंतला फरक म्हणजे महसुली तूट, ४५,८९१ कोटी. आता राजकोषीय तूट बघा, म्हणजे सगळा खर्च भागवायला जितकं कर्ज काढावं लागतं ती रक्कम: १,३६,२३५ कोटी. ती राज्याच्या सकल उत्पन्नाच्या २.७६ टक्के, म्हणून कायद्याने घातलेल्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत. "मर्यादेत आहोत" असं सरकार म्हणतं ते याच आधारावर, आणि ते खोटं नाही. पण कॅल्क्युलेटर घेऊन महसुली तुटीला राजकोषीय तुटीने भागा. राजकोषीय तुटीतल्या दर १०० रुपयांपैकी जवळजवळ ३४ रुपये रोजचा खर्च भागवण्यासाठी आहेत. त्यातून ना रस्ता उभा राहतो, ना रुग्णालय. इशारा देणारे आमदार या भागाकाराबद्दल बोलत असतील, तर त्यांचं जरूर ऐकावं.

त्यानंतर शेजारचे रकाने वाचा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि जुन्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा. २०२४-२५ ची महसुली तूट जून २०२४ मध्ये २०,०५१ कोटी धरली होती. सुधारित अंदाजात ती २६,५३६ कोटी झाली. मी अंदाजापेक्षा या फरकावर जास्त विश्वास ठेवते.

हा फरक पडतो तो बहुतेक पुरवणी मागण्यांमुळे. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडायचा आणि पावसाळी, हिवाळी अधिवेशनात आणखी खर्च मंजूर करून घ्यायचा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७,५०० कोटींच्या मागण्या आल्या. इथे एक खबरदारी घ्या: एकूण मागणी आणि निव्वळ भार वेगळे असतात. काही रक्कम केंद्राकडून येते, काही नुसती हिशेबात इकडून तिकडे जाते. विरोधक मोठा आकडा सांगतात, सरकार छोटा. तुम्ही दोन्ही लिहून ठेवा.

लाडकी बहीण योजनेवरून माझ्या टेबलासमोर कायम वाद होतात. २०२५-२६ साठी तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. महिन्याच्या दीड हजार रुपयांनी वागळे इस्टेटमधल्या कितीतरी घरांत सिलिंडर येतो, शाळेची फी जाते. त्याला उधळपट्टी म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण त्यासाठी कुठला कर वाढणार, कुठलं काम मागे पडणार, हे सांगण्याची जबाबदारी योजना आणणाऱ्यांचीच आहे.

एमएमआरडीए, एमएसआरडीसी अशा रस्ते-पूल बांधणाऱ्या सरकारी संस्था आपल्या नावावर घेतात ती कर्जं राजकोषीय तुटीत दिसत नाहीत. अशा कर्जांना शासनाने दिलेल्या हमींचं विवरण वेगळं असतं, तेही उघडा.

वर्षभर लक्ष ठेवायचं असेल तर कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) संकेतस्थळावर राज्याचे दरमहाचे जमाखर्चाचे आकडे येतात. पुढच्या मार्चची वाट बघायची गरज नाही.

एवढं झालं की आपल्या आमदारांना पत्र लिहा. "तूट कमी करा" असं मोघम लिहू नका. पुरवणी मागण्यांवर मतदान झालं तेव्हा तुम्ही हजर होता का, कुठल्या मागणीवर कपात सूचना (रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) दिली, त्यावर काय बोललात, एवढंच विचारा. कामकाजाची नोंद विधानमंडळाकडे राहते, त्यामुळे आलेलं उत्तर पडताळता येतं.