मोठ्या एक्सएमएल फाइलमधून हवा तेवढाच भाग जावामध्ये वेगळा काढून वाचण्याची पद्धत

मराठी विकिपीडियावरील पानांचा साठा विकिमीडिया प्रतिष्ठान ठरावीक काळाने एकाच एक्सएमएल फाइलच्या रूपात, बीझिप2 पद्धतीने आकुंचित करून, सर्वांसाठी उपलब्ध करून देते. मराठी शब्दांची वारंवारता मोजायची असो किंवा शुद्धलेखन तपासनीस तयार करायचा असो, ही फाइल फार उपयोगी पडते. मात्र तिच्यात लेखांबरोबर साचे, वर्ग आणि पुनर्निर्देशनेही असतात. आपल्याला बहुधा केवळ लेखांची शीर्षके आणि त्यांचा मजकूर हवा असतो. ही फाइल उदाहरणादाखल घेऊन, जावामध्ये एक्सएमएल दस्तऐवजाचा एक तुकडा वेगळा कसा काढावा आणि त्या तुकड्याचे पार्सिंग (म्हणजे वाचून त्याची रचना ओळखणे) कसे करावे, हे येथे मांडले आहे.

आधी फाइलची रचना पाहू. मूळ एलिमेंट (उघडणारा टॅग, बंद होणारा टॅग आणि त्यांमधला भाग) 'मीडियाविकी' हे आहे. त्याच्या आत सुरुवातीला संकेतस्थळाची माहिती येते आणि त्यानंतर एकामागून एक 'पेज' एलिमेंट येत राहतात. प्रत्येक 'पेज'मध्ये 'टायटल', 'एनएस', 'आयडी' आणि 'रिव्हिजन' असतात, तर मजकूर 'रिव्हिजन'च्या आतल्या 'टेक्स्ट'मध्ये असतो. 'एनएस'ची किंमत लेखासाठी 0, साच्यासाठी 10 आणि वर्गासाठी 14 असते. पान पुनर्निर्देशन असेल तर त्यात 'रिडायरेक्ट' हे एलिमेंटही आढळते. 'आयडी' हे नाव मात्र तीन ठिकाणी येते: पानाला, आवृत्तीला आणि संपादकाला. त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून किंमत उचलणारा प्रोग्रॅम लेखाच्या जागी संपादकाचा क्रमांक सहज नोंदवून ठेवतो.

एवढी मोठी फाइल डॉम पद्धतीने एकदम उघडणे योग्य नाही, कारण डॉम संपूर्ण दस्तऐवजाचे झाड मेमरीत उभे करतो आणि ते झाड मूळ फाइलच्या कित्येक पट जागा व्यापते. सॅक्स या दुसऱ्या पद्धतीत मेमरीचा प्रश्न येत नाही, पण तेथे पार्सर आपल्याला हाका मारत सुटतो आणि आपण कोणत्या एलिमेंटच्या आत आहोत याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. शिवाय सॅक्स एकाच एलिमेंटचा मजकूर अनेक तुकड्यांत देऊ शकतो. हे तुकडे न जोडता वापरले तर शब्द मध्येच तुटतो, आणि देवनागरीत अक्षर एका तुकड्यात व त्याची मात्रा दुसऱ्या तुकड्यात अशीही स्थिती उद्भवते. या कामासाठी सर्वांत सोयीचा मार्ग स्टॅक्स या तिसऱ्या पद्धतीचा आहे. तो जावा 6 पासून, म्हणजे 2006 पासून, जावाबरोबरच मिळतो आणि त्यात पुढे केव्हा सरकायचे हे आपला प्रोग्रॅम ठरवतो. संपूर्ण फाइलमधून स्टॅक्सने सरकत जावे आणि एका 'पेज'पुरते लहानसे डॉम झाड उभे करावे, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

आता मांडणीकडे वळू. जावाच्या प्रमाण लायब्ररीत बीझिप2 उलगडण्याची सोय नसल्यामुळे अपाची कॉमन्स कॉम्प्रेस ही लायब्ररी घ्यावी. विकिमीडियाची मल्टिस्ट्रीम प्रकारची (अनेक आकुंचित प्रवाह जोडून बनलेली) फाइल घेतली असेल, तर बीझिप2 वाचणाऱ्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला दुसरे आर्ग्युमेंट 'ट्रू' द्यावे. अन्यथा तो पहिला प्रवाह संपताच थांबतो. मिळालेला इनपुटस्ट्रीम थेट एक्सएमएलइनपुटफॅक्टरीच्या (स्टॅक्सचा एक्सएमएलस्ट्रीमरीडर बनवून देणाऱ्या क्लासच्या) हाती सोपवावा, मध्ये बाइटची अक्षरे करणारा स्वतःचा रीडर घालू नये. स्ट्रीम मिळाल्यास पार्सर एन्कोडिंग फाइलच्या पहिल्या ओळीवरून ठरवतो. एन्कोडिंग न सांगता बनवलेला रीडर मात्र जावा 18 च्या आधी संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग वापरत असे, आणि विंडोजवर त्यामुळे मराठी मजकुराची जागा निरर्थक चिन्हे घेत असत. बाहेरून आलेली फाइल वाचताना फॅक्टरीवर डीटीडीचा (रचनेचे नियम सांगणाऱ्या भागाचा) आधार आणि बाह्य एंटिटी (बाहेरचा मजकूर आणणारी संक्षिप्त नावे) हे दोन्ही गुणधर्म बंद करावेत, म्हणजे फाइलमधील एखाद्या घोषणेमुळे आपल्या सर्व्हरवरील दुसरी फाइल उघडली जाणार नाही.

यापुढचा भाग सर्वांत नाजूक आहे: कर्सर, म्हणजे स्टॅक्सच्या रीडरची फाइलमधली सध्याची जागा, नेमका कोठे उभा आहे, हा. तुकडा वाचणारी प्रत्येक सोय कर्सरला निराळ्या जागी सोडते. 'गेटएलिमेंटटेक्स्ट' ही मेथड त्याच एलिमेंटच्या बंद होणाऱ्या टॅगवर थांबते. जॅक्सबी या एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीची 'अनमार्शल' मेथड बंद होणाऱ्या टॅगच्याही पुढच्या घटनेवर (टॅगची सुरुवात, शेवट किंवा मजकूर) कर्सर नेऊन ठेवते, आणि हे तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. ट्रान्सफॉर्मरबाबत (एक्सएमएलचे एका रूपातून दुसऱ्या रूपात रूपांतर करणाऱ्या जावाच्या क्लासबाबत) असे कोणतेही वचन गृहीत धरू नये. समजा, लूपमध्ये प्रत्येक फेरीला आपण 'नेक्स्ट' बोलावतो आणि 'पेज' दिसले की जॅक्सबीसारख्या सोयीने तुकडा वाचतो. दोन पानांच्या मध्ये नवी ओळ असेल, तर वाचन संपल्यावर कर्सर त्या मोकळ्या जागेवर येतो, 'नेक्स्ट' त्याला पुढच्या 'पेज'वर नेतो आणि सर्व काही सुरळीत दिसते. तीच फाइल कोणी मोकळ्या जागा काढून दिली, की वाचन संपताच कर्सर थेट पुढच्या 'पेज'वर उभा असतो आणि आपला 'नेक्स्ट' त्याला ओलांडून जातो. अशा वेळी एकाआड एक पान गळते. एरर येत नाही, एक्सेप्शनही येत नाही, केवळ निकाल निम्मा भरतो.

म्हणून लूपची रचना वेगळी करावी. प्रत्येक फेरीच्या आरंभी 'गेटइव्हेंटटाइप'ने सध्याची घटना पाहावी. ती एलिमेंटची सुरुवात असेल आणि 'गेटलोकलनेम' 'पेज' असे सांगत असेल, तर तुकडा वाचावा आणि त्या फेरीत 'नेक्स्ट' बोलावूच नये. इतर सर्व वेळी, 'हॅजनेक्स्ट' होकार देत असेल तर 'नेक्स्ट' बोलवावा, अन्यथा लूप संपवावा. या रचनेत कर्सर बंद होणाऱ्या टॅगवर राहिला काय किंवा त्याच्या पुढे गेला काय, एकही पान सुटत नाही.

तुकडा डॉममध्ये आणण्यासाठी एक्सएमएलस्ट्रीमरीडर 'पेज'वर असताना त्याच्यापासून स्टॅक्ससोर्स बनवावा, प्रत्येक पानासाठी नवा डॉमरिझल्ट घ्यावा आणि कोणतीही स्टाइलशीट न दिलेल्या ट्रान्सफॉर्मरकडून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करून घ्यावे. ट्रान्सफॉर्मर एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरता येतो. प्रकल्पात अपाची झालान या ट्रान्सफॉर्मर पुरवणाऱ्या लायब्ररीची जुनी जार फाइल शिरलेली असेल, तर स्टॅक्ससोर्स स्वीकारता येत नाही अशी तक्रार येऊ शकते. त्यावर जावा 9 पासून असलेली 'न्यूडिफॉल्टइन्स्टन्स' ही मेथड वापरून जावाचीच फॅक्टरी मागवावी.

मिळालेल्या लहान झाडावर एक्सपाथ (झाडातली जागा मार्ग लिहून शोधण्याची भाषा) चालवला की अनेकांना रिकामे उत्तर मिळते. याचे कारण नेमस्पेस (एलिमेंटची नावे इतरांपासून वेगळी ठेवणारा पत्ता) हे आहे. मूळ एलिमेंटवर घोषित केलेली नेमस्पेस आतल्या प्रत्येक एलिमेंटला लागू असते, आणि एक्सपाथ 1.0 मध्ये उपसर्गाविना लिहिलेले नाव म्हणजे नेमस्पेस नसलेले नाव. त्यामुळे नेमस्पेसकॉन्टेक्स्ट लिहून एखादा उपसर्ग त्या नेमस्पेसशी जोडावा आणि मार्गातील प्रत्येक नावाला तो लावावा. नेमस्पेसच्या पत्त्यात आराखड्याचा आवृत्ती क्रमांक असतो आणि तो 0.10 वरून 0.11 असा बदललेला आहे. म्हणून पत्ता प्रोग्रॅममध्ये कायमचा न लिहिता मूळ एलिमेंटवर असताना 'गेटनेमस्पेसयूआरआय'ने वाचून घ्यावा. मार्ग 'पेज'पासून पायरीपायरीने लिहिला, की तीन 'आयडी'ंचा घोळ आपोआप मिटतो.

दोन-तीनच किमती हव्या असतील तर डॉमचीही गरज नाही. 'टायटल' आणि 'एनएस' हे 'रिव्हिजन'च्या आधी येतात, त्यामुळे 'एनएस' 0 नसल्यास मजकूर न साठवताच पुढे जाता येते आणि वेळ वाचतो. 'गेटएलिमेंटटेक्स्ट' मजकुराचे सर्व तुकडे जोडून देते, पण आत दुसरे एलिमेंट आढळल्यास एक्सेप्शन फेकते. तुकड्यातील बरीच क्षेत्रे जावाच्या ऑब्जेक्टमध्ये हवी असतील, तर जॅक्सबी सोयीचे आहे; जावा 11 पासून ते जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ संचात) नसल्याने स्वतंत्र डिपेंडन्सी म्हणून जोडावे लागते.

विकिपीडियाच्या फाइलवर एक अडथळा हमखास येतो. मजकुरातील कोनी कंस आणि अवतरणचिन्हे एंटिटीच्या रूपात लिहिलेली असतात, आणि जावाचा पार्सर एंटिटींच्या एकत्रित आकारावर मर्यादा ठेवतो. ही मर्यादा दीर्घकाळ 5 कोटी होती आणि जेडीके 24 मध्ये ती बरीच खाली आणली गेली. प्रोग्रॅम बराच वेळ व्यवस्थित चालून मध्येच एंटिटीची तक्रार करून थांबला, तर 'टोटलएंटिटीसाइजलिमिट' या गुणधर्माची किंमत 0 ठेवावी, म्हणजे ही मर्यादा उठते. ही सवलत केवळ विश्वासातल्या फाइलपुरतीच द्यावी.

एक्सएमएलस्ट्रीमरीडरची 'क्लोज' मेथड खालचा इनपुटस्ट्रीम बंद करत नाही, आणि हा रीडर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घालता येत नाही. म्हणून ट्रायच्या कंसात इनपुटस्ट्रीम उघडावा आणि रीडर फायनली भागात बंद करावा. पूर्ण फाइलवर प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी तीन पानांची, मध्ये एकही मोकळी जागा नसलेली एक फाइल हाताने तयार करून तिन्ही शीर्षके छापली जातात का, ते पाहावे; दोनच आली तर लूपमधला 'नेक्स्ट' चुकीच्या जागी आहे.