बंद घर, मे महिना आणि फडताळातले डबे: या चुका टाळा

अकोल्यात मे महिन्यात तीन आठवडे बंद राहिलेलं घर उघडणं म्हणजे भट्टीचं झाकण काढणं. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास, त्यात आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट उन्हात. त्या वर्षी परत आलो तेव्हा तेलाची पिशवी हाताला कोमट लागत होती, तूप पाण्यासारखं झालं होतं आणि चॉकलेटवर पांढरी भुकटी धरली होती. मी घाबरून अर्ध्या तासात अर्धं फडताळ कचऱ्याच्या पिशवीत भरलं. पुढे कळलं की फेकलेलं बहुतेक सगळं चांगलं होतं. ठेवलेल्या शेंगदाण्यांची चटणी मात्र कडूजहर निघाली.

चुकलं कुठे, तर मी तापलेलं सगळं एका मापाने मोजलं. कोरड्या जिन्नसाला नुसत्या उन्हाने विष होत नाही. नाही तर आपल्याकडे वाळवणं कोणी घातलीच नसती. पापड, कुरडया, सांडगे उन्हातच तर तयार होतात. तापलेल्या डब्यात पाणी होतं का, तेल होतं का, की ओला पदार्थ हवाबंद होता, यावर सगळं ठरतं. आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्या आज्यांनी दोन शब्दांत देऊन ठेवली आहेत: कुबट आणि खवट. खवट म्हणजे तेल उतरलं. कुबट म्हणजे ओल शिरली, बुरशी आली. खवट पदार्थ जेवण बिघडवतो, कुबट माणसाला बिघडवू शकतो. डबा उघडल्यावर आधी नाक लावून हे दोन वास वेगळे ओळखा.

दिसायला बिघडलं म्हणून फेकणं

चॉकलेटवरचा पांढरा थर बुरशी नव्हे. त्यातलं कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि परत थिजताना वर येतं. खायला हरकत नाही, फक्त तोंडात भुसभुशीत लागतं. तूप पातळ झालं, पुन्हा थिजताना कणीचं झालं, वास चांगला असेल तर वापरा. मध काळसर झाला तरी मोठ्यांना चालतो (एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो तसाही द्यायचा नसतो). गुळाला पाणी सुटलं असेल तर आधी तो संपवा, पण आंबूस वास किंवा बुरशी दिसली तर ठेवू नका. मीठ, साखर, तांदूळ यांना मे महिन्याचं काही वाटत नाही.

डाळींची गंमत वेगळी. उन्हाळाभर गरम जागेत राहिलेली तूरडाळ किंवा राजमा शिजायला हट्टी होतो आणि आपण कुकरच्या रिंगला दोष देतो. दाण्याच्या आतच बदल झालेला असतो. रात्रभर भिजवा, शिजवताना चिमूटभर सोडा घाला. डाळ वाईट नाही, फक्त म्हातारी झाली.

पाकिटावरच्या तारखेवर विसंबणं

‘बेस्ट बिफोर’च्या जवळच बारीक अक्षरात ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख त्या अटीवर दिलेली आहे. अट आपण मोडली की तारखेला अर्थ राहत नाही. आणि थंड जागा म्हणजे माळा नव्हे, गॅसच्या वरचं कपाट नव्हे आणि फ्रीजचा माथाही नव्हे. आपल्या स्वयंपाकघरांत नेमक्या याच तीन ठिकाणी सगळ्यात जास्त डबे असतात.

खवट झालेलं ‘भाजून घेतलं की चालतं’

माझी चूक हीच. शेंगदाणे, तीळ, कारळं, सुकं खोबरं, अक्रोड, दाण्याचा कूट, या सगळ्यांत तेल भरपूर. उष्णतेने आणि हवेने ते तेल उतरतं. त्यातही कूट आधी जातो, अख्खा दाणा नंतर, कारण कुटलं की तेल उघडं पडतं. सगळ्यात आधी जातो जवस. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं म्हणून ते रंगात वापरतात. खराब झालेल्या जवसाच्या चटणीला ऑईलपेंटचा वास येतो तो उगाच नाही. भाजल्याने तो वास काही वेळ दबतो, उतरलेलं तेल परत येत नाही. एखादा घास गेला तर काही होणार नाही, पण रोज ताटात वाढायची ती वस्तू नव्हे.

पिठांचंही तेच. गव्हाच्या अख्ख्या पिठात अंकुराचं तेल असतं, त्यामुळे चक्कीवरचं पीठ बंद घरात महिनाभर टिकेल अशी आशा धरू नका. बाजरीचं पीठ तर आठवडाभरातच कडवट लागायला लागतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. जाताना दळण आणून ठेवण्यापेक्षा आल्यावर आणावं.

कुबट वासाकडे दुर्लक्ष

इथे मात्र मी कडक आहे. सुक्या विदर्भात ओल येते कुठून, असं वाटेल. ती आपणच आणतो. घरी असताना कूलर चालू, त्याचा झोत स्वयंपाकघरात, आणि त्या दमट हवेत डब्यांची झाकणं उघडी. पापड मऊ पडतो तेव्हा डाळ-दाणेही तेवढीच ओल पीत असतात. त्यात धान्य नीट वाळलेलं नसेल तर दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी पत्र्याची कोठी झाकणाच्या आत दव धरते. मग जूनमध्ये पहिला पाऊस येतो आणि राहिलेलं काम करतो.

शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, लाल मिरची यांवर अशा उबदार ओलीत जी बुरशी वाढते, तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर घाव घालतं. बुरशी पुसली, धुतली, दाणे भाजले तरी ते भरवशाने जात नाही. बुरशी जिवंत असते म्हणून उष्णतेने मरते, पण तिने तयार केलेलं विष मागे राहतं. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. मका भिजला होता आणि लोकांकडे दुसरं काही खायला नव्हतं. आपल्याकडे असतं. म्हणून कुबट वास, हिरवट-काळी भुरी, एकमेकांना चिकटलेले दाणे यांतलं काहीही दिसलं तर वरचा थर काढून खालचं वापरायचा हिशेब करू नका. आणि चांगल्या दाण्यांतही एखादा सुरकुतलेला, कडू लागला तर सरळ थुंकून टाका.

याच चुकीची पुढची पायरी म्हणजे ‘गाईला घाला, पाखरांना टाका’. गाईने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन बदललेल्या रूपात दुधात उतरतं. पाखरं त्याहून नाजूक: १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, त्या तपासातूनच या विषाचा शोध लागला. आणि आपण खाणार नाही ते कामाच्या मावशींना बांधून देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यावर काय लिहायचं?

किडे दिसले म्हणजे सगळं संपलं

उलट, सोंडे किंवा पोरकिडे हा तुलनेने साधा मामला आहे. गहू-तांदळात सोंडे झाले तर चाळा, निवडा, कडक उन्हात पातळ पसरा. जाड थर उपयोगाचा नाही. वरचं तापतं आणि किडे खालच्या गारव्यात जातात. उन्हातून काढल्यावर पूर्ण निवू द्या, मगच डब्यात भरा, नाही तर परत तेच दव. पिठात किंवा रव्यात जाळी धरली असेल तर टाका. आणि घरातल्या धान्यात धुरीच्या विषारी गोळ्या कधीही ठेवू नका. त्यांचा वायू बंद खोलीत माणूस मारतो.

हवाबंद डबा चाखून बघणं

आमरस, अननस, मटार, रसगुल्ले यांचे पत्र्याचे डबे साधारण तिशीपर्यंतच्या तापमानात टिकतात. काही चिवट जिवाणूंचे बीजाणू डबाबंद करतानाच्या उकळीतूनही वाचतात आणि एरवी निपचित पडून असतात. चाळिशीच्या वर दिवसचे दिवस गेले की ते जागे होतात. डबा फुगला, गळला, उघडताना फसकन उडाला, तर एक थेंबही जिभेवर नको. अशा डब्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात, आणि त्या विषाला ना वास असतो ना चव. न फुगताही आतलं आंबू शकतं. पाणी गढूळ किंवा आंबट वास असेल तर तोही गेला. फेकताना पिशवीत घट्ट बांधून फेका, गल्लीतली कुत्री आहेत. टेट्रापॅकमधल्या दुधालाही हाच नियम, पाकीट फुगलं की विषय संपला.

बाळाच्या दुधाची पावडर आणि औषधं तापली असतील तर नाकाने पारखण्यात अर्थ नाही. दिसायला, वासाला तशीच राहतात आणि जीवनसत्त्वं, औषधाचा गुण कमी झालेला असतो. ती बदला. औषधाबद्दल शंका असेल तर दुकानदाराला विचारा.

लोणच्याबद्दल हमखास विचारतात. मीठ भरपूर आणि फोडी तेलाखाली बुडलेल्या असतील तर कैरीचं लोणचं उन्हाला भीत नाही. तेलात घातलेल्या ताज्या लसणाची बाटली मात्र बाहेर राहिली असेल तर टाकाच.

आता आम्ही गावाला जाताना पीठ संपवतो, माळा रिकामा करतो आणि डबे खालच्या, आतल्या भिंतीच्या कप्प्यात ठेवतो. दाणे, जवस, खोबरं फ्रीजला. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका गरम होईपर्यंत उघडत नाही, नाही तर आतच पाणी धरतं. मागच्या वर्षी मेन स्विच बंद करून जायचं होतं म्हणून दीड किलो शेंगदाणे शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवले. परत आलो तेव्हा पाव किलो कमी होते, आणि त्या पाव किलोची चटणी आमच्या नावाने वाटीत काढून ठेवलेली होती.