कुयरीची भाजी: बाजारातून किती आणायची?

कार्याला कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी करायची तर आधी एक कुयरी तोलून सोला. हाताला नि विळीला खोबरेल लावा, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. साल आणि मधला कडक दांडा काढून फोडी पुन्हा तोला. समजा, २ किलोतून १.२ किलो उरल्या, म्हणजे किलोमागे ६०० ग्रॅम. माणशी १०० ग्रॅम धरल्या तर ५० पानांना ५ किलो फोडी हव्यात. (काळे वाटाणे घालणार असाल तर ८० ग्रॅमही पुरे.)

बरेच जण पाचावर ४० टक्के घट चढवून ७ किलो आणतात. त्यातून निघतात ४.२ किलो, नि शेवटच्या पंगतीला पळी पातेल्याच्या बुडाला लागते. पाचाला ०.६ ने भागा. सुमारे ८.३ येतात, म्हणून साडेआठ किलो घ्या. कुयऱ्या जून निघाल्या तर घट पुन्हा मोजा.